मोटारीचें स्नान



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या मुद्रेवर हंसूं उमटलें असेल. मोटार धुण्यांत शास्त्र तें कसलें? बादलीभर पाणी, एक फडकें आणि अर्ध्या तासाची सवड, एवढ्यावर जें काम उरकतें, त्यासाठीं कोणीं भाषण करावें आणि तें इतरांनीं बसून ऐकावें, हें जरा नवलाचेंच आहे. गेल्या दसऱ्यापर्यंत माझें स्वतःचें मतहि याहून निराळें नव्हतें. तें मत मला कां सोडावें लागलें, तें प्रथम सांगतों.

आमचें बिऱ्हाड शिरुरास आहे. धाकटी बहीण दौंडास असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, मुलानें नुकतीच घेतलेली मोटार घेऊन आम्ही तिच्याकडे जाऊन आलों. आमच्या घरांतील ही पहिलीच मोटार. रंग गडद निळा, आणि त्यावर चकाकी अशी कीं, दारांतील कडुनिंब त्यांत पानापानासकट दिसावा. तीन वर्षें काटकसर करून मुलानें ती घेतलेली. शिरुराहून न्हावऱ्यावरून चौफुल्यास यावें, तेथून सोलापूरचा रस्ता धरावा आणि पाटसावरून दौंड गांठावें, हा आमचा नेहमींचा मार्ग. पाऊस उघडला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांच्या काळ्या मातीचा फुफाटा उडूं लागला होता. गुऱ्हाळांच्या धुराची काजळीहि हवेंत होती. रात्रीं परतलों तेव्हां निळी मोटार करड्या रंगाची झाली होती.

दुसऱ्या दिवशीं पूजेपूर्वीं, मुलगा उठण्याच्या आधींच, गाडी लखलखीत करून ठेवावी अशा प्रेमाच्या बुद्धीनें मीं माझा जुना मऊ पंचा घेतला आणि तो कोरडाच गाडीवरून फिरविला. गोल गोल आणि चांगला जोर देऊन. धूळ गेली, गाडी चमकली, मी मनांत धन्य झालों. हळदकुंकू वाहिलें, झेंडूचा हार चढला. बाराच्या सुमारास ऊन बॉनेटवर आलें, आणि त्या निळ्या आरशांत सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं, कोळ्यानें जाळें विणावें तसें, बारीक ओरखड्यांचें वर्तुळ उमटलें. मान जिकडे हलवावी तिकडे तें जाळें सरकत येई. मुलगा कांहीं वेळ पाहत उभा राहिला आणि एवढेंच म्हणाला, "असूं द्या, अण्णा."

तो रागावला असता तर बरें झालें असतें. मीं आयुष्यभर शाळेंत मुलांना पदार्थविज्ञान शिकविलें. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थावर ओरखडा काढतो, याचें कोष्टक फळ्यावर कितीदां लिहिलें असेल याची गणती नाहीं. आणि तेंच ज्ञान स्वतःच्या दारांत उभ्या असलेल्या गाडीपाशीं मला आठवलें नाहीं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यावा असें ठरविलें. त्यांत जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम ज्याचें रक्षण करावयाचें तो रंग म्हणजे काय, तें पाहूं. मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा एकच लेप नसतो. एकावर एक असे निरनिराळे थर असतात. पत्र्याला प्रथम फॉस्फेटचा संस्कार करतात. मग त्याला रंगद्रवाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें गंजरोधक लेप चढवितात. त्यावर अस्तर, अस्तरावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर एक रंगहीन, पारदर्शक थर. आपण ज्याला चकाकी म्हणतों, ती या शेवटच्या थराची असते. या सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून कल्पना करा: सगळा रंग मिळून दोन केंसांएवढा, आणि वरचा पारदर्शक थर तर अवघा ४० मायक्रॉनांच्या आसपास, म्हणजे एका केंसाहूनहि पातळ. शिरूर तालुक्यांतच रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचा कारखाना आहे. तेथें काय किंवा जगांतील दुसऱ्या कोणत्याहि कारखान्यांत काय, आज रंगाची मुख्य रीत हीच आहे.

पूर्वीं ती तशी नव्हती. मोटारी नव्या होत्या तेव्हां त्यांना घोड्याच्या बग्गीप्रमाणें ब्रशानें व्हार्निश लावीत, आणि तें वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत जनरल मोटर्सनें आपल्या ओकलंड गाड्यांवर 'ड्यूको' नांवाचा लवकर वाळणारा रंग वापरला, आणि तेव्हांपासून हें काम जलद होऊं लागलें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट गाड्या आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. त्या काळच्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसे. वरपासून खालपर्यंत रंगच असे. तो उन्हानें निस्तेज होई, मग मालक त्यावर पॉलिश घासी आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. निस्तेज झालेला पापुद्रा घासून काढला कीं, खालचा ताजा रंग वर येई. म्हणून 'जितकें घासावें तितकें चमकावें' ही समजूत घरोघर रुजली. त्या गाड्यांच्या बाबतींत ती अगदींच चूक नव्हती. परंतु १९८० नंतरच्या काळांत पारदर्शक थराची पद्धत सर्वत्र पसरली, गाडी बदलली, आणि आपला हात मात्र जुनाच राहिला. माझ्या पंच्यामागें ही जुनी फियाट उभी होती!

आतां शत्रूकडे वळूं. शत्रु पाणी नव्हे आणि फडकेंहि नव्हे. शत्रु आहे धुळीचा कण. १८१२ मध्यें फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञानें खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी ठरविली. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढील तो त्याहून कठीण, एवढाच तिचा नियम. या श्रेणींत गारगोटी सातव्या स्थानीं आहे, आपल्या काळ्या पाषाणांत असणारें फेल्स्पार सहाव्या, आणि साधी कांच साडेपांचाच्या आसपास. मोटारीचा वरचा थर हा एक प्रकारचा प्लास्टिकचाच पापुद्रा. तो कांचेहून पुष्कळच मऊ. रस्त्याच्या धुळींत मातीच्या जोडीला दगडाचा चुरा असतो, नदीच्या वाळूचे कण असतात, गारेचे कण असतात. फडक्याखालीं सांपडलेला असा एकेक कण म्हणजे एकेक टोचा. फडकें कितीहि मऊ असो, तें त्या टोच्याला धरून चालविणारा हात होतें. फडकें मऊ आहे म्हणून भय नाहीं, हें म्हणणें मुठीला मखमल गुंडाळली म्हणजे मुठींतील सुरी बोथट होते, असें म्हणण्यासारखें आहे.

हें ज्यांना डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, त्यांनीं शिरुराहून फार दूर जावयास नको. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांत, निघोजपाशीं कुकडी नदीच्या पात्रांत, काळ्या खडकाला रांजणासारखे खोल खळगे पडलेले आहेत. लोक त्यांना रांजणखळगेच म्हणतात. ते नुसत्या पाण्यानें पडले नाहींत. पाण्याच्या भोंवऱ्यानें दगडगोटे व वाळू जागच्या जागीं गरगर फिरविली, आणि युगानुयुगें तें दळण चालून खडक कोरला गेला. पाणी ही फिरविणारी शक्ति. कोरणारें हत्यार म्हणजे तो गोटा. माझा गोल गोल फिरणारा पंचा हा भोंवरा होता आणि न्हावऱ्याच्या रस्त्याची धूळ हे गोटे होते. कुकडीला जें करावयास युगें लागलीं, त्याची लहानशी आवृत्ति मीं दहा मिनिटांत काढली.

येथें कोणी विचारील कीं, ओरखडे सूर्याभोंवतीं वर्तुळाकारच कां दिसतात? वास्तविक ते सर्व दिशांना पडलेले असतात. परंतु प्रकाशाच्या दिशेला जे ओरखडे आडवे येतात, तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड फेंकतात. बाकीचे दिसत नाहींत. प्रकाशबिंदूभोंवतीं अशा आडव्या तुकड्यांची मालिका जुळते आणि वर्तुळाचा भास होतो. गडद रंगाच्या गाडीवर तो अधिक उठून दिसतो, पांढरीवर कमी. पण इजा दोघींनाहि सारखीच होत असते.

हा शत्रु एकदां ओळखला कीं, धुण्याचे सर्व नियम एका वाक्यांत सांगतां येतात: कण आधीं सोडवावा, मग पाण्यांत तरता ठेवावा, आणि फडक्यांत राहूं देऊं नये. पुढें जें सांगणार आहें, तो या एका वाक्याचाच विस्तार आहे.

पहिली गोष्ट वेळेची. गाडी सावलींत आणि थंड असतांना धुवावी. सकाळीं कोवळ्या वेळीं धुतल्यास उत्तम. प्रवासाहून येतांच धुवावयास बसूं नये, कारण बॉनेट इंजिनाच्या उष्णतेनें तापलेलें असतें. तापल्या पत्र्यावर साबणाचें पाणी वाळून डाग पडतात आणि ते काढण्यासाठीं मग घासणें आलेंच.

दुसरी गोष्ट साहित्याची. दोन बादल्या, बागेंतली झारी, दोन-तीन सूक्ष्मतंतूंचीं फडकीं, ज्यांना बाजारांत मायक्रोफायबर म्हणतात, आणि मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शांपू. सूक्ष्मतंतूंच्या फडक्याचा गुण असा कीं, त्याच्या लवेंत कण आंत ओढला जातो. सपाट विणीच्या सुती कापडांत तो पृष्ठावरच राहतो आणि रंगाला घासतो. चाकांसाठीं तिसरें जुनें भांडें व वेगळें फडकें ठेवावें. ब्रेक लागतांना लोखंडाची बारीक भुकटी उडून चाकांवर बसते. चाकाचें फडकें दारावर फिरविणें म्हणजे लोखंडाच्या किसानें दार पुसणें होय. चाकें प्रथम धुऊन घ्यावींत, म्हणजे त्यांचे शिंतोडे धुतलेल्या अंगावर उडत नाहींत.

तिसरी गोष्ट भिजविण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. फडक्याला हात लावण्यापूर्वीं झारीनें टपापासून खालपर्यंत पाणी सोडावें आणि चार-पांच मिनिटें गाडीला तसेंच राहूं द्यावें. काळी माती पाण्यानें फुगते व सैल होते. मग दुसऱ्या पाण्यानें ती आपोआप वाहून जाते. मडगार्डाखालीं व दारांच्या खालच्या कडेला चिखलाचे पोपडे असतील तर ते नखानें अगर काठीनें खरवडूं नयेत, पुन्हा भिजवावेत. घाईचें काम येथें अक्षरशः ओरखड्यानें लिहून राहतें.

चौथी गोष्ट दोन बादल्यांची. एका बादलींत शांपूचें पाणी, दुसरींत साधें. फडकें शांपूंत बुडवून गाडीचा एक भाग पुसावा. मग तें साध्या पाण्याच्या बादलींत खळखळून पिळावें, आणि त्यानंतरच पुन्हा शांपूंत घालावें. म्हणजे निघालेला कण साध्या पाण्याच्या तळाशीं बसतो आणि शांपूचें पाणी स्वच्छ राहतें. त्या बादलीच्या तळाशीं एखादी जुनी प्लास्टिकची चाळणी उपडी घालून ठेवावी, म्हणजे खालीं बसलेला गाळ फडक्याबरोबर पुन्हा वर येत नाहीं. एकाच बादलींत सगळें उरकणारा मनुष्य पहिल्या दाराची वाळू चौथ्या दाराला लावीत असतो. शांपूचें कामहि नीट समजून घ्यावें. त्याचे अणुरेणू कणाभोंवतीं वेढा घालून त्याला पत्र्यापासून सोडवितात, आणि फडकें व रंग यांच्यामध्यें निसरडेपणा उत्पन्न करतात. म्हणून फेंसापेक्षां या निसरडेपणाला महत्त्व आहे.

कपड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, भांडीं घासण्याची पूड, हीं मात्र गाडीच्या जवळहि आणूं नयेत. साबण व सोडा क्षारधर्मी असल्यामुळें रंगावरील मेणाचा रक्षक लेप उतरवितात. आणि भांड्यांच्या पुडींत तर घासण्यासाठीं मुद्दाम खर घातलेली असते. रॉकेल किंवा डिझेल लावून गाडी पुसण्याची एक जुनी खोड आपल्याकडे आहे. त्यानें क्षणभर तेलकट चमक येते खरी. पण त्या तेलावर पुढची धूळ अधिक चिकटते, आणि रबराच्या पट्ट्यांना तें तेल अपायकारक होतें.

पांचवी गोष्ट हाताच्या दिशेची. घर बांधतांना पाया आधीं, कळस मागून. मोटार धुतांना नेमकें उलट. टप, कांचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटीं खालची कडा, असें उतरत यावें, कारण सर्वांत जाड खर खालीं असते. हात गोल फिरवूं नये. सरळ रेषेंत, जोर न देतां न्यावा. चुकून एखादा ओरखडा पडलाच तर तो एकाच दिशेचा राहतो आणि फारसा दिसत नाहीं. आणि फडकें जमिनीवर पडलें तर तें पुन्हा गाडीला लावूं नये. स्वच्छ धुतल्याशिवाय नाहींच नाहीं. सोवळ्याचा एवढा कडक नियम मात्र मला सर्वस्वी मान्य आहे!

शेवटीं झारीची चाळणी काढून टाकावी आणि टपावरून पाण्याची अखंड धार सोडावी. थेंबांनीं शिंपडलेलें पाणी थेंबांच्या रूपानें राहतें. धारेनें सोडलेलें पाणी चादरीसारखें सरकत जातें आणि बरोबर उरलेलें पाणीहि ओढून नेतें. त्यानंतर कोरडें सूक्ष्मतंतूंचें फडकें पत्र्यावर अंथरावें, थोपटावें आणि उचलावें. घासण्याची गरज पडत नाहीं. गाडी रस्त्यावर फिरवून वाऱ्यानें वाळवूं, असें म्हणणाऱ्यानें ओल्या अंगाला पुन्हा धूळ चिकटविण्याचाच बेत केला असें समजावें.

आतां पाण्यासंबंधीं. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत अनेक घरीं विंधनविहिरीचें पाणी येतें, आणि तें पुष्कळ ठिकाणीं जड असतें. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशीं जो पांढरा थर जमतो, तेच कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गाडीवर थेंब वाळला कीं मागें राहतात. थेंब भिंगाप्रमाणें सूर्यकिरण एकत्र करून रंग जाळतो, असा एक समज आहे; पण नेहमीं दिसणारे पांढरे डाग जळण्याचे नसून या क्षारांचे असतात. ते ताजे असतांना, पाण्यांत थोडा शिरका घालून त्यानें ओलें केलेलें फडकें त्यांवर ठेवावें आणि मग साध्या पाण्यानें धुऊन टाकावें, पुष्कळसे निघतात. याहून चांगला उपाय म्हणजे शेवटची धार मृदु पाण्याची सोडणें. पावसाळ्यांत गाळून सांठविलेलें पाणी, किंवा वातानुकूलन यंत्रांतून थेंब थेंब गळणारें पाणी याला उत्तम, कारण त्यांत क्षार जवळजवळ नसतात. पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रांतून जें टाकाऊ पाणी निघतें, तें वापरण्याची कल्पना स्तुत्य आहे. परंतु त्यांत क्षार मूळच्या पाण्याहूनहि अधिक असतात. म्हणून तें चाकांना व पहिल्या भिजवणीला वापरावें. शेवटच्या धारेला कधींहि नको.

पाणी किती लागतें, हा प्रश्न आपल्या भागांत शेवटचा नसून पहिला आहे. झारीनें भिजविण्यास दोन बादल्या, धुण्यास दोन आणि शेवटीं दोन. बारा लिटरांची बादली धरली तर ७२ लिटरांत काम होतें, आणि सराव झाल्यावर त्याहूनहि कमी लागतें. उलट, नळाला रबरी नळी लावून ती जमिनीवर वाहती सोडली तर काय होतें? मिनिटास १२ लिटर धरले तरी पाव तासांत १८० लिटर गेले. २०१९ मध्यें सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें खेड्यांतील माणसासाठीं दररोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण धरलेलें आहे. म्हणजे नळीच्या एका स्नानांत तीन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी आपण गटारांत सोडतों. शिरूर तालुक्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या बायका ज्यानें पाहिल्या आहेत, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाहीं.

कोणी म्हणतील, मग गाडी नदीवरच नेऊं. घोडनदी आहे, भीमा आहे. हें तर मुळींच करूं नये. गाडीच्या पोटाखालचें तेल, ग्रीस आणि साबण पाण्यांत जाऊन तें पाणी पुढच्या गांवाला जातें. घोड भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयांत जाते. आपल्या गाडीचा मळ दुसऱ्याच्या घागरींत घालण्याचा अधिकार आपणांस कोणींहि दिलेला नाहीं. घरीं धुतांनाहि गाडी शक्य तर मातीच्या जागीं उभी न करतां अशा ठिकाणीं उभी करावी कीं, सांडलेलें पाणी विहिरीकडे किंवा उघड्या ओढ्याकडे जाणार नाहीं.

हमरस्त्यावर जागोजाग वॉशिंग सेंटर झालीं आहेत. तेथील जोरदार फवारा खर सोडविण्यास चांगला. परंतु नळीचें तोंड गाडीपासून हातभर तरी लांब असावें, आणि जेथें रंगाचा टवका उडालेला आहे तेथें फवारा मारूं देऊं नये, नाहींतर तो टवका मोठा होतो. खरा धोका पुढें असतो. ज्या स्पंजानें आतांच उसाच्या ट्रॅक्टरचीं चाकें पुसलीं, तोच स्पंज आपल्या गाडीवर येतो. यांत त्या पोरसवद्या कामगाराचा दोष नाहीं. त्याला दिवसांत अनेक गाड्या उरकावयाच्या असतात आणि हा भेद त्याला कोणीं सांगितलेला नसतो. त्याच्यावर ओरडण्यापेक्षां आपलीं दोन फडकीं बरोबर न्यावींत, त्याला कारण समजावून सांगावें आणि लागणाऱ्या जादा वेळाचे पैसे खुशीनें द्यावेत. तेंच आपल्या घरीं रोज सकाळीं गाडी पुसावयास येणाऱ्या माणसाचें. एका बादलींत दहा गाड्या पुसण्याची पाळी त्याच्यावर आपणच आणतों. त्याला रोज पुसावयास न लावतां आठवड्यांतून एकदां नीट धुण्यास सांगावें, आणि महिन्याचा पगार तोच ठेवावा. रोज फक्त कांचा व दिवे ओल्या फडक्यानें स्वच्छ केले म्हणजे पुरे. अंगावर बसलेली धूळ आठ दिवस बसून राहिली तर कांहीं बिघडत नाहीं. ती फडक्याखालीं चालूं लागली कीं बिघडतें.

मात्र कांहीं डाग आठ दिवस थांबत नाहींत. पक्ष्यांची विष्ठा हा त्यांतला मुख्य. तींत आम्ल असतें. शिवाय उन्हानें तापून मऊ झालेल्या थरावर ती वाळते आणि तेथें कायमचा खड्डा पडतो. वडापिंपळाखालीं सांवलीसाठीं गाडी उभी करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. अशा डागावर ओलें फडकें दहा मिनिटें ठेवावें आणि मग हलकेंच उचलून घ्यावें. झाडाचा चीक, उसाच्या रसाचे शिंतोडे, गुऱ्हाळाची काजळी यांनाहि हाच न्याय. दसऱ्याच्या पूजेंतील हळदकुंकू कोरडें चोळून न पुसतां पाण्यानें वाहवावें. आणि हार बांधलाच तर त्याची तार रंगाला लागणार नाहीं असें पाहावें, व गाडी हलविण्यापूर्वीं तो उतरवावा, कारण वाऱ्यानें हलणारा धुळकट हार हेंहि एक घासणारें फडकेंच आहे.

शेवटीं, जे ओरखडे पडून गेले त्यांचें काय? पॉलिश करणारा कारागीर ते काढूं शकतो. परंतु काढतो म्हणजे काय करतो, हें जाणून घ्यावें. ओरखडा भरून येत नाहीं. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत खालीं आणतात. मूळचे चाळीसच मायक्रॉन. त्यांतले कांहीं प्रत्येक वेळीं कायमचे जातात. वरचा थर फारच पातळ झाला म्हणजे ऊन आंतल्या रंगापर्यंत पोंचतें आणि कांहीं वर्षांनीं तो थर पापुद्र्यानें सुटूं लागतो. म्हणून हा उपाय क्वचित्, आणि जाणत्या हातूनच करवावा. दंतमंजन किंवा टूथपेस्ट घासण्याचे घरगुती प्रयोग करूं नयेत. त्यापेक्षां, नीट धुतलेल्या गाडीवर दोन-तीन महिन्यांनीं मेणाचा पातळ हात द्यावा. ऊन व मळ प्रथम त्या मेणावर येतो, आणि मेण पुन्हा लावतां येतें.

आमच्या गाडीला मुलानें पॉलिश करविलें नाहीं. मीं पैसे देऊं केले तेव्हां तो म्हणाला, "चाळीसांतले पांच आतांच कशाला खर्चावे?" हिशेब बरोबर होता, आणि तो मींच त्याला सांगितलेला होता. आतां दर रविवारीं सकाळीं आम्ही दोघे मिळून गाडी धुतों. झारी माझ्या हातांत असते, फडकें त्याच्या. बॉनेटवरचें तें जाळें अजून आहे. दुपारचें ऊन आलें कीं तें दिसतें; परंतु गेल्या दसऱ्यापासून त्यांत एकाहि नव्या धाग्याची भर पडलेली नाहीं.